नारू गेला, विहीर उरली

नारूवर औषध नव्हतं. लस नव्हती. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, अशी गोवरासारखी सोयही नव्हती. यंदा निघाला तसा पुढच्या उन्हाळ्यातही निघायचा. आणि तरीही तो या देशातून गेला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. देवीनंतर भारतानं मुळासकट उपटलेला हा दुसरा रोग.

देवी टोचल्याचा वण आजही अनेकांच्या दंडावर आहे. पोलिओच्या दोन थेंबांची जाहिरात लहान पोरांनाही पाठ होती. नारूच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्याच्या नावानं मोहीम झाली ती खेड्यांत झाली, ज्यांना तो होत असे ती माणसं लिहिणारी नव्हती, आणि तो गेल्यावर कुणी पेढे वाटले नाहीत. आता तो स्पर्धा परीक्षेतल्या एका गुणापुरता उरला आहे. एवढ्या मोठ्या कामाची एवढी कमी दखल का, याचं माझं उत्तर साधं आहे. हे काम डॉक्टरांच्या हातून कमी आणि गवंडी, फिटर, आरोग्य सेवक यांच्या हातून जास्त झालं. आपल्याकडे रोग जातो तो इंजेक्शनानं, अशी समजूत पक्की आहे. विहिरीला कठडा बांधणाऱ्याला रोग घालवल्याचं श्रेय द्यावं हे आपल्याला सुचत नाही.

हे छोटं पुस्तक आसनगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातल्या वाचकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं आहे. शिक्षक, आशाताई, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, आणि पाणीपुरवठा समितीवर नाव आहे पण सभेचं बोलावणं कधी येत नाही असे सदस्य. आसनगावला सकाळची लोकल पकडून ठाण्या-मुंबईला जाणाऱ्याला नारूशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. देणंघेणं आहे ते पाण्याशी. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, भातखाचरं तुडुंब होतात, आणि फेब्रुवारी उलटला की पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. खडकात पाणी मुरत नाही, मुरलं तर टिकत नाही. मग विहिरीत खाली उतरून वाटी-वाटीनं हंडा भरणं, नाहीतर ओहोळाच्या कोरड्या पात्रात झिरा खणून साचेल तेवढं उपसणं. नारूला जे लागतं ते नेमकं हेच: थोडं, साचलेलं, उघडं पाणी आणि त्यात उतरलेला माणसाचा पाय.

त्याचं चक्र एकदा नीट पाहून घ्यावं, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावर उभी आहेत. साचलेल्या गोड्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक बारीक जीव असतो. लांबी एक-दोन मिलिमीटर. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरलं तर पांढरा ठिपका झटके देत सरकताना दिसतो. चांगली नजर असेल तर भिंगाची गरज नाही. या जीवाच्या पोटात नारूची अळी असेल आणि ते पाणी कुणी तसंच प्यायलं, तर जठरातल्या आम्लानं सायक्लॉप्स मरतो आणि अळी सुटते. ती आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. नर-मादीचा संयोग झाला की नर मरतो. मादी मात्र वाढत राहते, कातडीखालून हळूहळू सरकत बहुधा पायाकडे येते. या सगळ्याला दहा ते चौदा महिने लागतात. एवढ्या काळात माणसाला काही कळत नाही. तो नांगरतो, लावणी करतो, लग्नाला जातो, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातो. दोन-अडीच फुटांचा, शेवईइतका जाड किडा त्याच्या अंगात आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

मग एक दिवस घोट्यापाशी किंवा पोटरीवर फोड येतो. आग होते, अशी की माणूस पाय गार पाण्यात घालायला धावतो. आणि मादी याचीच वाट पाहत असते. पाणी लागलं की फोड फुटतो, किड्याचं टोक बाहेर येतं आणि दुधासारखा पांढरट द्रव पाण्यात मिसळतो. त्या द्रवात लाखो अळ्या असतात. सायक्लॉप्स त्या खातो, साधारण दोन आठवड्यांत त्या पुढच्या माणसासाठी तयार होतात. म्हणजे रोग्याला आराम ज्या क्षणी मिळतो त्याच क्षणी रोग गावात पसरतो, आणि पसरवणारा पाय पाणी भरायला आलेल्या माणसाचाच असतो. परजीवींच्या कारस्थानांबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण इतकं निर्दय आणि इतकं सोपं दुसरं माझ्या वाचनात नाही.

म्हणून पायऱ्यांची विहीर ही नारूची राजधानी. रहाटाच्या किंवा पोहऱ्याच्या विहिरीवर माणूस वर उभा राहतो, दोर खाली जातो, पाय कोरडे राहतात. बारवेत बाई पायऱ्या उतरते, घोटाभर पाण्यात उभी राहते, कळशी आडवी करून बुडवते आणि वर येते. तिच्या पायावर फोड असेल तर तिनं काही मुद्दाम करायचं राहिलेलं नसतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, म्हणून तेवढ्याच सायक्लॉप्सची दाटी थोड्या पाण्यात. लोकही त्याच दिवसांत जास्त, कारण बाकीच्या विहिरी आटलेल्या. वर्षभरापूर्वी प्यायलेल्या पाण्याचा नारू निघायची वेळ आणि पुढच्या वर्षीचा नारू पेरायची वेळ एकच येते.

किडा बाहेर आल्यावर करायचं काय? हजारो वर्षं जे केलं तेच. त्याचं टोक एका काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, कधी त्याहूनही कमी, ओढून पुन्हा काडीवर वळायचं. घाई केली की नारू तुटतो. तुटला की आत राहिलेला भाग सडतो, पाय सुजतो, गळू होतं, कधी धनुर्वात होतो. काडीला गुंडाळलेला किडा पायाला बांधून माणूस आठवडेच्या आठवडे घरात पडून. तेही केव्हा, तर शेत भाजायच्या, राब टाकायच्या दिवसांत. नारूनं माणसं फारशी मरत नसत, म्हणून सरकारी दप्तरात त्याला मोठं स्थान कधी नव्हतं. पण एका घरातली दोन कमावती माणसं मृग निघताना खाटेवर असली तर त्या घराचं वर्ष गेलं. मृत्यूचे आकडे मोजणाऱ्या पद्धतीला असलं नुकसान दिसत नाही.

म्हशाच्या जत्रेत मला घाटावरचा एक म्हातारा भेटला होता, घोंगड्या घेऊन बसलेला. मुरबाड तालुक्यातली ही पौष पौर्णिमेची जत्रा. माळशेजच्या वरची, जुन्नर-आळेफाट्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे येतात. बोलता बोलता विषय निघाला तसं त्यानं धोतर वर करून घोट्याच्या आतल्या बाजूचा वण दाखवला. चिंचोक्याएवढा, आत दबलेला, कडेनं चकचकीत. ‘तुटला व्हता,’ एवढंच म्हणाला. गुडघा पुरता वाकत नव्हता, पाय लांब करूनच बसला होता. नारू सांध्यापाशी तुटला किंवा आतच मेला की सांधा धरतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. डॉ. मनू कोठारी, डॉ. लोपा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नारूमुळे होणाऱ्या गुडघ्याच्या संधिदाहावर लिहिलं होतं. कोठारी-मेहता ही जोडी मराठी वाचकाला कर्करोगावरच्या परखड लिखाणामुळे परिचित आहे. त्यांच्या सुरुवातीच्या कामात नारू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

विज्ञानाची बाजू पाहिली तर नारूच्या अभ्यासात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. सायक्लॉप्सचा धागा पहिल्यांदा हाती लागला तो रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को यांना, १८७० च्या सुमारास, मध्य आशियातल्या तुर्कस्तानात. पण प्रत्यक्ष माणसात हे कसं घडतं याचा पाठपुरावा मुंबईत परळला झाला. तिथली बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणजे १९२५ पासूनची हाफकिन इन्स्टिट्यूट. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिथे डॉ. तुर्खुड नारूवर काम करत होते, आणि बाधित सायक्लॉप्स पोटात गेल्यावर माणसाला नारू होतो हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्याच काळात मुंबईतल्या विहिरी झाकाव्यात की बुजवाव्यात यावर रणकंदन चाललं होतं. कारण वेगळं होतं: १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर. विहिरीला हात लावायचा म्हटल्यावर धर्म, पूजा, प्रथा सगळं आडवं आलं. पाण्याचा प्रश्न आरोग्याचा म्हणून सुरू होतो आणि कुठल्या कुठे जातो, हा अनुभव शंभर वर्षं जुना आहे.

दख्खनमध्ये सगळ्यात चिकाटीनं नारू पाहिला तो क्नूट लिंडबर्ग या स्वीडिश डॉक्टरनं. कुर्डुवाडीला, बार्शी लाइट रेल्वेच्या नोकरीत. रेल्वेच्या माणसांवर उपचार करता करता हा गृहस्थ आसपासच्या विहिरींतले सायक्लॉप्स गोळा करत राहिला, त्यांच्या जाती ओळखत राहिला आणि १९४० च्या दशकात त्यानं दख्खनमधल्या नारूवर फ्रेंचमध्ये सविस्तर अभ्यास छापला. छोट्या गाडीच्या जंक्शनवर बसून एका माणसानं हे केलं. इकडे दक्षिणेत म्हैसूर संस्थानात डॉ. मूर्ती यांनी १९३० च्या दशकात पायविहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. आज डासांसाठी टाक्यांत गप्पी मासे सोडतो तसाच हा प्रकार.

म्हणजे काय करायला हवं हे स्वातंत्र्याच्या आधीच माहीत झालं होतं. औषध शोधायची गरजच नव्हती. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या, फोड आलेल्यानं पाण्यात उतरू नये, आणि पायऱ्या बंद करा. तीन वाक्यांत आटोपणारं ज्ञान, आणि ते अमलात यायला चाळीस-पन्नास वर्षं गेली. का गेली, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात सापडत नाही. ज्यांच्या पायांतून नारू निघत होता ते कोण होते, ते पाहिलं की सापडतं. गावच्या विहिरीवर कुणी चढायचं आणि कुणी नाही, हे ठरलेलं होतं. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्याला चांगल्या विहिरीवर मज्जाव, तो डबक्याचं पाणी पिणार. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांना बांधलेली विहीर मिळायलाच किती उशीर झाला! परजीवीला जात कळत नाही, असं आपण भाषणात म्हणतो. त्याला कळायची गरज नसते. पाणी कुणाला कुठलं मिळणार हे आपणच त्याच्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं.

देशपातळीवर हालचाल झाली ती ऐंशीच्या दशकात. १९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांचं पेयजल दशक होतं. त्या वाऱ्यात १९८३-८४ मध्ये भारतानं नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संचारी रोग संस्थेकडे त्याची सूत्रं दिली. १९८४ मध्ये सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून जवळपास ४०,००० रुग्ण मोजले गेले. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. बाकीची राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू.

या मोजणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मला ती सगळ्या कार्यक्रमाचा कणा वाटते. नारूचा रोगी दवाखान्यात येत नाही. येऊन करणार काय, दवाखान्यात त्याच्यासाठी काहीच नसतं. शिवाय पाय टेकवत नाही. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरवर भरवसा ठेवला असता तर नारू कागदावर केव्हाच संपला असता. म्हणून देवीच्या वेळची पद्धत पुन्हा काढली: पायातून निघणाऱ्या किड्याचं चित्र हातात घेऊन दारोदार जायचं, ‘असं कुणाला झालंय का?’ असं विचारायचं, शाळेत विचारायचं, बाजारात विचारायचं. वर्षातून ठरावीक वेळा सगळी नारूग्रस्त गावं पिंजून काढायची. सापडलेल्या रुग्णाची जखम बांधायची, त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवायचं, त्या पाणवठ्यात टेमेफॉस टाकायचं. टेमेफॉस म्हणजे आपल्या आरोग्य सेवकांचं नेहमीचं ‘अबेट’. पाण्याच्या दहा लाख भागाला एक भाग, महिन्याच्या अंतरानं. (जलसुरक्षकांसाठी एक सूचना: नेहमीच्या मात्रेतल्या टीसीएलला, म्हणजे ब्लीचिंग पावडरला, सायक्लॉप्स दाद देत नाही. टीसीएलनं जंतू मरतात, हा जीव पोहत राहतो.) आणि रुग्ण कमी झाले तेव्हा शोध कमी करायचा नाही, वाढवायचा, शेवटी शेवटी खबर देणाऱ्याला रोख बक्षीसही होतं. १९९६ मध्ये सगळ्या देशात मिळून नऊ रुग्ण सापडले. ते नऊ सापडले कारण कुणीतरी न कंटाळता शोधत होतं. हिवतापाचं आपण नेमकं उलटं केलं. १९६० च्या दशकात तो जवळजवळ संपल्यासारखा झाला, लाखावर आला, लक्ष उडालं, आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

दुसरी गोष्ट गवंड्याची आणि फिटरची. पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या तर बदल्यात पाणी द्यायला हवं. ते आलं हातपंपानं, आणि त्या हातपंपाची कुळकथा अस्सल महाराष्ट्रातली आहे. साठच्या दशकात खेड्यांत बसवलेले बिडाचे पंप परदेशी घडणीचे होते, एखाद्या घरच्या अंगणात चालतील असे. गावानं दिवसभर हापसले की मोडायचे, आणि मोडला की बाई परत डबक्यावर. जालन्याच्या मिशनच्या लोकांनी त्यात पोलादी दांडा आणि एकच मजबूत खीळ घालून तो टिकाऊ केला. सोलापुरात त्यावर आणखी काम झालं: दांड्याच्या टोकाला कमानीवरून जाणारी साखळी लावली, त्यामुळे आतली सळई तिरपी न ओढता सरळ वर-खाली होऊ लागली आणि झीज घटली. या सोलापूर पंपाचा पाया धरून युनिसेफच्या मदतीनं सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत तो उभा आहे. पंपाच्या चौथऱ्याखाली बोअर बंदिस्त, आत कुणी उतरू शकत नाही, सायक्लॉप्सला उजेड नाही, नारूच्या अळीला वाट नाही. जालना-सोलापूरच्या त्या कारागिरांपैकी कुणी आपण रोगनिर्मूलन करतो आहोत असं मनात धरलं असेल, असं मला वाटत नाही. त्यांना मोडणारा पंप बघवत नव्हता, एवढंच.

ज्या विहिरींना पंप बसवता आला नाही त्यांच्या पायऱ्या भिंत घालून बुजवल्या, कठडे उंच केले, कप्पी लावली. इथे एक पेच आहे आणि तो मला टाळायचा नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवा वाचवायची चळवळ सुरू झाली आहे. तरुण पोरं गाळ उपसतात, झुडपं तोडतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. काम सुंदर आहे. बारव हे आपल्या स्थापत्याचं लेणं आहे आणि ती बुजवून वर कचरा टाकणाऱ्या गावांची कीव येते. पण बारवेबद्दल बोलताना ‘पूर्वजांचं जलव्यवस्थापन’ एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. त्याच पायऱ्यांवर शेकडो वर्षं नारू पेरला गेला. बारव बांधणाऱ्याला ते माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला माहीत आहे. तेव्हा दिवे जरूर लावावेत, जमिनीत पाणी मुरवायला, झाडांना द्यायला बारवेसारखी जागा नाही. प्यायचं पाणी मात्र तिच्यातून पायानं उतरून भरू नये. आरोग्य खात्याच्या जुन्या माणसांनी पायऱ्या बुजवल्या म्हणून त्यांना वारशाचे मारेकरी ठरवणारे लेख अधूनमधून येतात. ते वाचताना मला म्हशाच्या जत्रेतला तो ताठ गुडघा दिसतो.

आता शहापूरचं. मुंबईला तानसाचं पाणी १८९२ मध्ये मिळू लागलं. तानसा शहापूर तालुक्यात. त्या पाण्यानं आणि पुढच्या धरणांनी मुंबईकर विहिरीपासून सुटला, आणि नारूपासूनही. भातसा धरणही शहापूर तालुक्यातच. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा हिस्सा आज भातसाचा. ज्या जलवाहिन्या नारूसारख्या रोगातून एका शहराची सुटका करून गेल्या त्या आमच्या पाड्यांच्या शेजारून, काही ठिकाणी अक्षरशः अंगणापासून हाकेच्या अंतरावरून जातात, आणि एप्रिलमध्ये त्याच पाड्यांवर टँकर विहिरीत पाणी ओततो. बायका मग त्या विहिरीवर तुटून पडतात, कुणी आत उतरते. हा विषय राजकारणाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण या पुस्तकाचा विषयच तो आहे. नारू गेला याचा अर्थ पाणी आलं, असा होत नाही. नारूला हाकलायला पाणी बंदिस्त असणं पुरे होतं; जवळ असणं, पुरेसं असणं, वर्षभर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत नव्हत्या. उन्हाळ्यात झिऱ्यावर ओणवी झालेली बाई नारूच्या काळातही तशीच ओणवी होती. फरक एवढाच, की आता त्या पाण्यातून नारू होत नाही. जुलाब, कावीळ, विषमज्वर होतात.

नारूच्या यशावरून इतर रोगांचे ठोकताळे बांधणाऱ्यांनाही थोडं सावध करायला हवं. नारूला पंख नव्हते. सायक्लॉप्स आपल्या विहिरीतून दुसऱ्या विहिरीत जात नाही. रोग डोळ्यांना दिसतो, नाव सगळ्यांना माहीत, चुकीचं निदान होण्याची भीती नाही. हत्तीरोगाचं तसं नाही. तोही कृमीचाच रोग, पण डासांवर स्वार. ठाणे जिल्ह्याचं नाव हत्तीरोगाच्या यादीत अनेक वर्षं आहे. त्याचे सूक्ष्म कृमी रक्तात रात्री येतात, म्हणून आरोग्य सेवकाला रात्री साडेआठनंतर घरोघर जाऊन रक्त घ्यावं लागतं, आणि डीईसी-अल्बेंडाझोलच्या गोळ्या धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही खायला लावाव्या लागतात. ‘मला काही झालेलं नाही, मी कशाला खाऊ?’ या प्रश्नावर नारूच्या कार्यक्रमाला कधी अडावं लागलं नव्हतं. दारोदार जाणं आणि मोजत राहणं मात्र दोन्हीकडे तेच.

जगाच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट अजून चालूच आहे. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियात मिळून नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं हे काम अंगावर घेतलं. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात कार्टर यांच्या मध्यस्थीनं काही महिने शस्त्रसंधी झाली, तिचं एक मोठं कारण नारूचे कार्यकर्ते गावांत पोचावेत हे होतं. शेवटचा नारू आपल्या आधी मरावा अशी कार्टर यांची इच्छा होती. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. त्या वर्षी जगात पंधरा माणसांना नारू निघाला होता, चाड आणि दक्षिण सुदान या दोन देशांत.

पंधरा म्हणजे संपलाच, असं वाटेल. पण २०१२ पासून चाडमध्ये कुत्र्यांच्या पायांतून नारू निघताना दिसू लागला, एक-दोन नव्हे, वर्षाला शेकड्यांनी. माणसाखेरीज नारूला राहायला दुसरं घर नाही, या गृहीतावर सगळी मोहीम उभी होती. आता नदीकाठच्या मासेमारांना माशांची आतडी पुरायला सांगितलं जातं, कुत्री बांधून ठेवायला लावली जातात, त्यासाठीही बक्षिसं आहेत. या नव्या वळणावर पुस्तकातलं शेवटचं प्रकरण आहे आणि त्यातली काही उत्तरं अजून यायची आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी ते मागे ठेवून आधी विहिरींवरचं प्रकरण वाचावं. त्यात कठड्याची उंची, चौथऱ्याचा उतार आणि सांडपाण्याची चारी यांची मापं दिलेली आहेत, आणि ती गावच्या गवंड्याला वाचून दाखवली तरी चालण्याजोगी आहेत.